भरल्या हंड्याने विहिरीकडे

१

बरणी जागेवर होती. झाकण घट्ट होतं, खोलीचं कुलूप शाबूत होतं. आतलं भात तेवढं गेलं होतं.

सोमवारी सकाळी सुरभी मॅडमचा फोन आला तेव्हा मी दुकानात मोटारीच्या पाइपाला क्लिप आवळत होतो. पोशीरच्या अलीकडे आमचं गाव, आणि तिथला मी पोलीस पाटील, जितेश. पोलीस पाटील म्हणजे लोकांना मोठा अंमल वाटतो. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला बांधाची भांडणं आणि हरवलेल्या शेळ्या येतात. चोरी म्हटल्यावर, खोटं कशाला सांगू, मी थोडा खूशच झालो.

समाजमंदिरामागच्या खोलीत गावाचं बियाणंघर आहे. सुरभी मॅडम पनवेलच्या, शेतीचं शिक्षण घेतलेल्या. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेतर्फे आल्या आणि दारोदार फिरून त्यांनी जुनी भातं, नाचणी, वरी, वाल गोळा केले. त्यात सगळ्यांत मोलाचं काळकुसळ, काळ्या लांब कुसळांचं भात. ते पंचक्रोशीत कोणाकडेच उरलं नव्हतं. फक्त म्हाताऱ्या अंबाबाईच्या घरात पायलीभर होतं, आणि गेल्या दिवाळीनंतर तिने ते सगळ्या गावासमोर पानसुपारी घेऊन बियाणंघराला दिलं. मॅडमनी ते काचेच्या बरणीत भरलं, झाकणाला चिकटपट्टी गुंडाळली आणि वरच्या फळीवर ठेवलं.

आता ती पट्टी कोणीतरी हळूच सोडवून परत नीट दाबून बसवली होती. बरणीच्या तळाला मूठभर दाणे शिल्लक होते.

"किल्ल्या किती?" मी विचारलं.

"दोन. एक माझ्याकडे. एक चिंधीकडे."

चिंधी वरच्या ठाकरवाडीतली. बियाणंघराची झाडलोट, वाळवण, पाखडणं सगळं ती करायची. ती तिथेच दाराशी उभी होती. बाहेर जमलेल्यांतून कोणीतरी म्हणालंच, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" सगळे हसले. मीही हसलो.

मी चिंधीकडून किल्ली काढून घेतली आणि खिशात टाकली. तिने विरोध केला नाही.

"शनिवारी दुपारी चारला संस्थेची माणसं काळकुसळ बघायला येतायत," मॅडम म्हणाल्या. "तोपर्यंत मिळालं नाही तर मला नेरळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी लागेल."

तक्रार म्हणजे काय ते चिंधीला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ठाकरवाडीतल्या बाईवर एकदा चोरीचा शिक्का बसला की तिला लावणीलाही कोणी बोलवत नाही. घरात ती एकटी कमावती, मुलगी आश्रमशाळेत.

"चिंधे, कुठं हाय भात?"

तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "हरवलं नाय पाटील. पन आता तुमाला गवसनार नाय."

पुढे पाच दिवस तिने त्यावर एक अक्षर वाढवलं नाही.

२

अडलेला माणूस आमच्या गावात सुप्रिया बाईंकडे जातो. बाईंनी आमच्या हायस्कुलात तीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाल्या तरी सुट्टीत पोरींना पडवीत बसवून शिकवतात, फी म्हणून कोणी काकडी आणली तर घेतात. मी गेलो तेव्हा पुढ्यात दहावीच्या तिघी होत्या आणि विरोधाभास चालला होता.

"उघडं गुपित," बाई म्हणाल्या. "म्हणजे काय गं?"

"म्हणजे ते गुपित नाहीच," एक पोरगी म्हणाली.

"गेला गुण." बाईंनी मला पाहिलं. "हा बघा आमचा पाटील. याने चाचणीत लिहिलं होतं, 'हे चूक आहे. गुपित असेल तर उघडं नसतं. एक शब्द खोडावा.' मी याचे दोन गुण खोडले."

पोरी खिदळल्या. अडतिसाव्या वर्षीही माझे कान तापले.

"ऐका," बाई म्हणाल्या. "दोन शब्द एकमेकांशी भांडतायत असं दिसतं, पण ते दिसणं. उघडं गुपित म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक असलेलं आणि तरी कोणी तोंडातून न काढणारं. ते उघडंही आहे आणि गुपितही. एक शब्द खोडला की जे सांगायचं होतं तेच निसटतं. तेव्हा खोटा कोण हे विचारूच नका. दोघं एकदम खरे कुठून दिसतील ती जागा शोधा. ती सापडली की अर्थ सापडला."

पोरी गेल्यावर मी सगळी हकिकत सांगितली. बाईंना कुलपात रस नव्हता, किल्लीतही नव्हता.

"तळाला मूठभर ठेवलं?"

"घाईत राहिलं असेल."

"आणि घाईत पट्टी परत चिकटवली?" बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "माझी सासू कणगीतून शेवटचं भात काढताना तळाला मूठ ठेवायची. भांडं उपाशी ठेवू नये म्हणायची. विकणारा किंवा जिरवणारा असं करत नाही. जितेश, हा चोर घरंदाज आहे."

"घरंदाज म्हणजे चोर नव्हे ना मग?"

"खोडलास परत एक शब्द," बाई म्हणाल्या आणि पायांत चपला घातल्या.

३

आधी आम्ही सुरभी मॅडमकडे गेलो. बाईंनी एकच विचारलं, "काळकुसळ यंदा पेरणार होतात?"

"नाही. आधी सगळ्यांना दाखवणार, मग पुण्याला शीतगृहात. बाई, ते शेवटचं आहे. पेरलं आणि पाऊस दडी मारून बसला तर? पाखरांनी खाल्लं तर? मी ती जोखीम घेऊच शकत नाही."

"आणि फळीवर असंच राहिलं तर पुढल्या वर्षी किती उगवेल?"

मॅडमनी खाली बघितलं. "मार्चमध्ये मी वीस दाणे ओल्या फडक्यात ठेवून पाहिले होते. अकराच उगवले." मग घाईने म्हणाल्या, "पण पुण्याला गेलं असतं तर टिकलं असतं." पुण्याहून होकार मात्र अजून आलाच नव्हता. पत्र पाठवून सहा महिने झाले होते.

मग नवशा. हा चौक गावच्या बाजाराला टेंपोने भाजी नेतो. सोमवारी पहाटे तो कोपऱ्यावर क्रेट भरत होता.

"चिंधी दिसली ना. सा वाजलं व्हतं," नवशा म्हणाला. "इहिरीकडं चालली व्हती, डोक्यावर भरला हंडा, वर फडकं बांधलेलं."

"विहिरीकडे जाताना भरला?" मी म्हटलं. "डोकं ठिकाणावर हाय का रं तुजं?"

"आवो पाटील, रिकाम्या हंड्याला कुनी दोनी हातानी धरतं का? मान बगायची व्हती, कशी ताठ!"

तिथून विलासकडे. विलास हा अंबाबाईचा मुलगा, मोहोपाड्याला कारखान्यात कामाला. माझा खरा संशय त्याच्यावर होता. त्याला शेत फार्महाऊसवाल्याला द्यायचं होतं आणि आई अडून बसली होती. बियाणंच संपलं की म्हातारीचा शेतीचा नाद संपेल, असं त्याला वाटलं असेल तर नवल नव्हतं. रविवारी रात्री तो तिसऱ्या पाळीला होता, सोमवारी सकाळी पावणेआठला मोटारसायकलवरून परतला.

"चिंधी मला भेटली की," तो म्हणाला. "इहिरीकडनं येत व्हती. हंडा हातात लोंबत व्हता, रिकामा."

"विहिरीवरून येताना रिकामा?"

"मला बी नवल वाटलं. म्हटलं पानी आटलं काय?"

बाईंनी विषय बदलला. "विलास, शेताचं काय करतोयस?"

"दोन वर्सं पडीक हाय. आय ऐकत नाय. यंदा परत राब भाजलान. कशाला, तर म्हने भाजी लावीन. आता राबात कोन भाजी लावतं?"

राब म्हणजे आमच्याकडे भाताची रोपं करायची जागा. उन्हाळ्यात तिच्यावर पाला, गवत, शेण पसरून जाळायचं आणि त्या राखेत पेरायचं. जमीन भाजली की पीक जोमाने येतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

परतताना आम्ही विहिरीवरून आलो. विहिरीला लागून पलीकडे विलासचंच शेत. काळ्या भाजलेल्या तुकड्यावर कोणीतरी सुकला पाला, फाटक्या गोण्या आणि काटेरी फांद्या आणून टाकल्या होत्या. फांद्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या अडकल्या होत्या.

"बघा, पडीक ठेवलं की उकिरडा होतो," मी म्हटलं. "आणि तुमचे साक्षीदार! नवशा म्हणतो भरून गेली, विलास म्हणतो रिकामी आली. जगातल्या बायका रिकाम्या जातात आणि भरून येतात. दोघांपैकी एक खोटं बोलतोय. नाहीतर दोघंही."

बाई त्या उकिरड्याकडे बघत उभ्या राहिल्या होत्या.

"किंवा दोघंही खरं बोलतायत," त्या म्हणाल्या. "आता मला चिंधीला एकच विचारायचंय, आणि ते चोरीबद्दल नाही."

४

ठाकरवाडीचा चढ बाई दोनदा थांबून चढल्या. चिंधी दारात बसून शिंदीच्या पात्यांचा झाडू बांधत होती. आम्हाला बघून तिने घोंगडी पसरली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, आणि ते मला लागलं.

"चिंधी, तुझं नाव कोणी ठेवलं गं?" बाईंनी विचारलं.

तिचे हात थांबले. ती हसली, चार दिवसांत पहिल्यांदा. "आयनी. माज्या आदी तीन पोरं गेली तिची. दोन राजे, एक रानी. मग मी झाले. आय म्हनली हिला चांगलं नाव नको. चिंधी म्हनलं की मरान बी म्हनंल, फडकं हाय, टाका. तसंच पुढं जाईल."

"आणि गेलं?"

"गेलं की. ह्यो काय, बसलेय."

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठल्या. एवढीच चौकशी. मी उतारावर कुरकुर केली, तर म्हणाल्या, "मला जे हवं होतं ते तिने सगळं सांगितलं."

अंबाबाई ओसरीवर वाल सोलत होती. ऐंशीची म्हातारी, पण अजून नजर तीक्ष्ण. आम्ही बसलो न बसलो तोच तिने पदर डोळ्यांना लावला. "माजं काळकुसळ गेलं गं बाय! माज्या सासूच्या हातचं!"

"परत मागायचंत ना मग मॅडमकडे, आधीच?"

पदर खाली आला. डोळे कोरडे होते. "आसं कसं मागनार? धा मान्सांत पानसुपारी घेतली मी. दिल्यालं परत मागितलं तर शबुद जातो. मला वाटलं व्हतं दर साली पेरतील, वाढवतील, धा घरांत जाईल. तर त्यांनी बाटलीत बशिवलं! बाटलीतलं भात म्हंजी नटवून बशिवल्यालं मढं. येनारा जानारा बगतो आन म्हनतो, वा!"

"हे कोणाकोणाजवळ बोललात?"

"कुनाजवळ बोलनार? पोरगा कारखान्यात. चिंधी येती दुपारची, तिच्याजवळ रडते."

बाईंनी वालाची एक शेंग उचलून सोलली. सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "अंबाबाई, भात दोन दिवस भिजवून राबात टाकलं आणि वर पाणी शिंपडलं, तर कितव्या दिवशी वर दिसतं?"

"पाचव्या न्हायतर साव्या," म्हातारी पटकन म्हणाली. आणि मग तिचा हात टोपलीत तसाच राहिला. तिने बाईंकडे बघितलं, बाईंनी तिच्याकडे.

"चिंधीला काय करनार?" अंबाबाईने शेवटी विचारलं. आता डोळे खरोखर भरले होते.

"ते शनिवारी ठरेल," बाई म्हणाल्या. "तोवर कोणाला शेतात पाऊल टाकू देऊ नका."

५

शनिवारी दुपारी तीन वाजता मॅडम लेखी तक्रार घेऊन माझ्या दुकानात आल्या. खाली सही होती, चिंधीचं पूर्ण नाव होतं. माझा शेरा तेवढा राहिला होता.

"शेरा इथे नको," बाई म्हणाल्या. "विहिरीवर चला." चिंधीला आणि अंबाबाईला त्यांनी आधीच बोलावून घेतलं होतं.

मृगाला आठ दिवस होते. ऊन असं की जमीन पायाला चटके देत होती. त्या काटेरी उकिरड्यापाशी बाई थांबल्या.

"सुरभी, नवशाने आणि विलासने सांगितलेलं आपण जसंच्या तसं खरं धरू. चिंधी विहिरीकडे भरलेला हंडा घेऊन गेली, रिकामा घेऊन आली. विहिरीकडे कोणी पाणी नेत नाही. म्हणजे हंड्यात पाणी नव्हतं, आणि जाण्याची जागा विहीर नव्हती. विहिरीला लागून काय आहे? हे शेत. दोन वर्षं पडीक, तरी यंदा राब भाजलेला. भाजीसाठी कोणी राब भाजत नाही."

"पण इथे तर कचरा आहे," मॅडम म्हणाल्या.

"मलाही तसंच वाटलं. पण कचरा वाऱ्याने येतो तेव्हा कडा सरळ नसतात. हा बघ, चौकोनी आहे. आणि भोवतीची माती फुफाट्यासारखी, फक्त याच्या खालची ओली." बाई चिंधीकडे वळल्या. "हिच्या आईने मरणाची नजर चुकवायला लेकीला चिंधी म्हटलं. जो जीव की प्राण, त्याला टाकाऊ नाव द्यायचं, ही हिच्या घरची राखण. हिला जगातली सगळ्यांत मोलाची वस्तू लपवायची असेल तर ही तिच्यावर काय पांघरेल?"

मी काट्या उचलल्या. हातांना ओरखडे आले, बरं झालं आले. मग गोण्या बाजूला केल्या. मग पाला.

काळ्या राखेतून सुईच्या टोकाएवढे पोपटी कोंब वर आले होते. हजारो. काही कोंबांच्या मुळाशी अजून काळं कुसळ चिकटलेलं होतं.

मॅडम मटकन खाली बसल्या. बराच वेळ त्या नुसत्या मोजल्यासारख्या बघत राहिल्या. "विसातले अकरा," त्या पुटपुटल्या. "पुढल्या वर्षी दोन राहिले असते. मला माहीत होतं. माझ्या हातून ते हरवू नये म्हणून मी..." त्यांना रडू आवरेना. "चिंधी, मला सांगायचंस ना गं!"

"सांगितलं असतं तर तुमी पेरू दिलं असतं?"

मॅडमनी मान हलवली. नसतं दिलं.

"आन अंबाबायनी मागितलं असतं तर तिचा शबुद गेला असता," चिंधी म्हणाली. "चोरानी नेलं तर कुनाचाच शबुद जात नाय. नुस्तं चोराचं नाव जातं. माजं नाव तसं बी चिंधीच हाय." तिने कोंबांकडे बघितलं. "कोंब वर येईस्तवर गप राह्यचं, यवढंच ठरवलं व्हतं. वर आल्यावर मंग कुनी परत बाटलीत भरू शकत नाय. मूठभर बरनीत ठेवलंय मॅडम, तुमच्या पावन्यांना दाखवाया."

अंबाबाई पुढे झाली आणि तिने चिंधीला कवटाळलं. "मी बोलनार व्हते. हिनी गळ्याची शपत घातली," एवढंच ती परत परत म्हणत राहिली.

मॅडमनी तक्रारीच्या कागदाचे चार तुकडे केले. मग संस्थेच्या माणसांना फोन लावला. "हो, या," त्या म्हणाल्या. "बियाणंघरात नको. शेतावर या, आणि छत्री आणा, ऊन फार आहे."

बाई माझ्याजवळ आल्या. "पाटील, तुमचा शेरा राहिला."

पाच दिवस माझ्या खिशात ती किल्ली टोचत होती. मी मनातल्या मनात शब्द जुळवत होतो: चोरी झाली, चोर सापडला, काही गेलं नाही. पण हे सगळं बोलण्याआधी मला दुसरं एक करायचं होतं. मी किल्ली काढली आणि चिंधीपुढे धरली. त्या दिवशी हसलो होतो, त्याची माफी मागितली. नीट मागता आली नाही, पण मागितली.

तिने किल्लीकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांच्या कोपऱ्यात मिस्कील हसू.

"चोराच्या हाती किल्ली देताय, पाटील?"

"हो," मी म्हणालो. "चोराच्याच."

मागून बाईंचा आवाज आला, "दोन गुण परत."